सिबिलच्या मृत्यूनंतरचा सोमवार

१५ ऑक्टोबर २०१२ रोजी, सोमवारी, आमच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळपासून एकाच मृत्यूची चर्चा चालू होती आणि तो मृत्यू रुग्णालयात झालेला नव्हता. त्या काळात मी उत्तर इंग्लंडमधील एका जिल्हा रुग्णालयात प्रसूतिविभागाची रजिस्ट्रार, म्हणजे वरिष्ठ डॉक्टरांच्या हाताखाली काम करणारी डॉक्टर, होते आणि सोमवारी गरोदर स्त्रियांची तपासणी असे. आदल्या रात्री एका इंग्रज उमराव घराण्यावरच्या 'डाउनटन ॲबी' या दूरदर्शन मालिकेच्या तिसऱ्या पर्वाचा पाचवा भाग झाला होता, आणि त्यात लॉर्ड ग्रँथमची धाकटी मुलगी सिबिल बाळंतपणानंतर काही तासांतच झटके येऊन गेली होती. ही मालिका तेव्हा ब्रिटनमध्ये एक कोटीच्या आसपास लोक पाहत असत. प्रतीक्षाकक्षात बसलेल्या गरोदर बायका, त्यांच्या आया, बहिणी आणि आमच्या मिडवाइफ, म्हणजे प्रशिक्षित सुइणी, यांच्यापैकी तो भाग न पाहिलेली बाई शोधावी लागली असती.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी कथेचा तेवढा भाग सांगते. काळ १९२० सालचा आहे. सिबिलला दिवस भरले आहेत. तिचे पाय सुजले आहेत, ती मध्येच असंबद्ध बोलते आहे, बाळ लहान वाटते आहे आणि तिच्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन सापडले आहे. गावचे डॉक्टर क्लार्कसन यांना एक्लॅम्पसियाची, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याच्या आजाराची, शंका येते आणि तिला ताबडतोब गावातल्या रुग्णालयात नेऊन सिझेरियन करावे, असे ते म्हणतात. तिच्या वडिलांनी मात्र सर फिलिप टॅपसेल या बड्या घराण्यांच्या नामवंत डॉक्टरांना बोलावलेले असते आणि ते ही शंका उडवून लावतात. आई कोरा क्लार्कसनच्या बाजूने उभी राहते, वडील सर फिलिप यांच्या बाजूने, आणि पूर्वी याच घरात ड्रायव्हर असलेला तिचा नवरा ब्रॅन्सन त्या दोघांमध्ये अडकतो. बाळ सुखरूप जन्मते, सगळे निश्चिंत होऊन झोपतात आणि त्याच रात्री सिबिलला झटके येतात. ते दृश्य इतके खरे होते की महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयात शिकत असताना रात्री-अपरात्री जीपमधून आणलेल्या, दातांखाली जीभ चावली गेलेल्या बाळंतिणी माझ्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. आमच्या तरुण मिडवाइफांपैकी बहुतेकींनी मात्र खरा झटका कधी पाहिलाच नव्हता, कारण इंग्लंडमध्ये तो आता फारच क्वचित येतो.

प्रतीक्षाकक्षात सरळसरळ तट पडले होते. काहींच्या मते सारा दोष सर फिलिप यांचा होता. एका पेशंटच्या आईचे म्हणणे असे की डॉक्टर चुकू शकतो, पण रोज मुलीला पाहणाऱ्या डॉक्टरला बाजूला सारून मोठ्या नावाच्या माणसावर विसंबणारा बाप खरा अपराधी आहे. पुढे काय होणार यावरही वाद चालला होता: कोरा नवऱ्याला क्षमा करील का, आयर्लंडला परतण्याची सोय न उरलेला ब्रॅन्सन या घरात टिकेल का, आणि पोरक्या मुलीचा बाप्तिस्मा कॅथलिक पद्धतीने होईल का. सिबिलच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचे, मॅथ्यूचे, काम करणारा नटही मालिका सोडणार, अशी कुजबुज वर्तमानपत्रांतून कानावर आलेली असल्याने पुढचा मृत्यू कोणाचा, हेही काहीजणींनी ठरवून टाकले होते. त्या वर्षीच्या नाताळात तो अंदाज खराही ठरला. पण मोटारीच्या अपघाताने आलेल्या त्या मृत्यूवर डॉक्टर म्हणून मला सांगण्यासारखे काहीच नव्हते. सिबिलच्या बाबतीत मात्र प्रत्येक पेशंट तपासणीच्या खोलीत शिरताच मला एकच प्रश्न विचारत होती: ती वाचली असती का?

हा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटला, म्हणून रांग वाढत असतानाही मी प्रत्येकीला नीट उत्तर दिले. क्लार्कसन यांचे निदान बरोबर होते. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र खात्रीचा नव्हता, कारण १९२० साली सल्फा औषधे नव्हती, पेनिसिलिन नव्हते, आणि सिझेरियननंतर जंतुसंसर्गाने बाई दगावण्याचा धोका मोठा होता. शिवाय बाळंतपण झाले म्हणजे झटक्याचे भय संपले, असेही नाही. १९९२ साली ब्रिटनभर केलेल्या पाहणीत एक्लॅम्पसियाच्या ४४ टक्के रुग्णांना पहिला झटका बाळंतपणानंतर आला होता. खरा फरक पडतो तो रक्तदाब आणि लघवी आधीपासून तपासत राहिल्याने, आणि गरोदर स्त्रियांच्या नियमित तपासणीचे वेळापत्रक ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाने आखून दिले ते १९२९ साली, म्हणजे सिबिलच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी.

दुपारी एक बाई वेळ ठरवलेली नसताना आली. तिला पस्तिसावा आठवडा चालू होता. दोन दिवस तिचे डोके दुखत होते आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. दुकानात दिवसभर उभे राहावे लागते म्हणून असेल, असे तिने स्वतःच ठरवले होते, पण कालचा भाग पाहिल्यावर तिच्या बहिणीने तिला बळेच गाडीत बसवले होते. मी लघवीत पट्टी बुडवली. प्रथिनांचा पिवळा चौकोन पाहता पाहता गडद हिरवा झाला. रक्तदाब १६४/१०८ होता. गुडघ्याखाली हातोडी जेमतेम टेकवताच तिचा पाय इतक्या जोराने उडाला की शेजारी उभ्या असलेल्या बहिणीने माझ्याकडे पाहिले आणि काही न विचारता तिची पिशवी उचलली.

ही सारी झटका जवळ आल्याची लक्षणे होती. तिला लगेच दाखल करून घेतले. रक्तदाबाचे औषध सुरू केले आणि मॅग्नेशियम सल्फेट दिले: आधी चार ग्रॅम शिरेतून सावकाश, मग दर तासाला एक ग्रॅम. ते अंगात जाताना भट्टीसमोर बसल्यासारखी आग होते, हे तिला आधीच सांगून ठेवले होते, त्यामुळे ती घाबरली नाही. हे औषध अगदी साधे आणि स्वस्त आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने पुन्हा झटके येऊ नयेत म्हणून ते इतर औषधांपेक्षा सरस असल्याचे दाखवले. पुढे २००२ साली ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीत ते झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी करते, हे सिद्ध झाले. क्लार्कसन यांच्या पेटीत ते असते तर सिबिलची कथा कदाचित वेगळी झाली असती. आमच्या पेशंटची प्रसूती दुसऱ्या दिवशी झाली. बाळ लहान होते, पण जन्मताच खणखणीत रडले. मालिका पाहिली नसती तर ती आलीच नसती, असा दावा मी करणार नाही. ती स्वतः मात्र भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होती.

पुढच्या रविवारच्या भागात सिबिलच्या आजीने, म्हणजे व्हायोलेटने, क्लार्कसन यांना गळ घातली आणि त्यांनी आईवडिलांसमोर सांगितले की सिझेरियन केले असते तरी सिबिल वाचण्याची शक्यता नगण्य होती. त्यावर कोरा आणि तिचा नवरा एकमेकांच्या मिठीत रडले. दुसऱ्या दिवशी आमच्या विभागात पुन्हा वाद पेटला. आमच्या सर्वांत ज्येष्ठ मिडवाइफचे मत असे की डॉक्टरांनी योग्य तेच केले, कारण गेलेली मुलगी परत येणार नव्हती आणि एक संसार मात्र वाचला. मला ते मुळीच पटले नाही. त्या काळातही एक्लॅम्पसिया झालेल्या बहुसंख्य स्त्रिया वाचत असत. चार-पाचांत एक दगावे. तेव्हा 'नगण्य' हा शब्द सांत्वनाचा होता, वैद्यकाचा नव्हता. त्या एका वाक्याने बापाची सुटका झालीच, पण सर फिलिप यांचीही झाली. पोरीचे बोलणे असंबद्ध होत असताना ते कोणी मनावर का घेतले नाही, हे आता त्या घरात कोणी विचारणार नव्हते, आणि सर फिलिप दुसऱ्या एखाद्या घरी त्याच रुबाबात गेले असते. मी हे बोलले तेव्हा त्या मिडवाइफने मला विचारले, कोराच्या जागी तू असतीस तर तुला खरे ऐकायचे असते का? मी हो म्हणाले. ती आता निवृत्त झाली आहे, अधूनमधून आमचे फोनवर बोलणे होते, आणि या एका बाबतीत आमचे अजूनही जमलेले नाही.