मेंढीची किंमत

परवा रविवारी दुपारी वीज गेली आणि आमच्या नौपाड्यातल्या घरी फ्रीजवरचा पत्त्यांचा कॅट खाली उतरला. इस्पिकची सत्ती दोन वर्षांपूर्वी हरवली, तेव्हापासून जोकरवर बॉलपेनने ७ लिहून आम्ही काम भागवतो. शेजारच्या काकांना हाक मारली. आई आणि मी भिडू, समोर मुलगी आणि काका. मेंढीकोट, बंद हुकूम, म्हणजे हुकमाचं पान आधी झाकून ठेवायचं.

"दश्शीलाच मेंढी का म्हणतात?" मुलीने पानं पिसता पिसता विचारलं.

"कारण कुणीही ओढून नेतं तिला," आई म्हणाली.

मला हा खेळ आवडतो तो याचसाठी. राजा, राणी, गुलाम हात जिंकून देतात, पण मोजताना त्यांना कुणी विचारत नाही. मोजायची ती दश्शी, आणि तिला स्वतःला सांभाळता येत नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात तर दश्शीचं नशीब आणखी चमत्कारिक. गोल 120 पानं, दहा अवतारांचे दहा रंग. पाच रंगांत ती प्रधानाच्या लगेच खाली, उरलेल्या पाचांत एक्का वर चढतो आणि दश्शी तळाला!

गंजिफ्यात राजा आणि प्रधान असतात, राणी नाही. इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या काळातल्या पत्त्यांतही नव्हती. तिथे राजा आणि त्याचे दोन नायब. तेच पत्ते 1370 च्या दशकात युरोपात पोचले आणि राणी तिकडे कॅटात शिरली. हे ऐकून मुलीने हातातली बदाम राणी जरा वर धरली. (म्हणजे ती तिच्याकडे आहे हे आम्हाला कळलं. बोलले नाही.) 1480 च्या सुमारास फ्रेंचांनी साधी, सपाट चिन्हं काढली, स्टेन्सिलने भराभर रंगवता येतील अशी. त्यांनी काळीज काढलं, आपण त्यात बदाम पाहिला.

गंजिफ्यात हुकूमही नाही. इटलीत पंधराव्या शतकात इतर सगळ्यांना मारणारी पानं आली आणि लहान पानाला जीव आला. इराणात आजही चौघांचा, दोन जोड्यांचा खेळ आहे, नाव 'होक्म'. ऐकल्यावर घरचंच वाटतं. 1925 मध्ये अमेरिकेच्या हॅरल्ड वँडरबिल्टने ब्रिजला नवे गुण लावले, तो खेळायला वही लागते. मेंढ्या चारच, बोटांवर मावतात.

तर आईने चौकटचा एक्का उतरला. मुलीने तिर्री टाकली. एक्क्यावर कोण येणार, म्हणून मी निर्धास्तपणे चौकटची दश्शी टाकली. काकांनी मांडीखालचं पान उलटलं, किलवर. आणि हातातली किलवरची दुर्री हळूच एक्क्यावर ठेवली.

मेंढी उताणी करून त्यांनी आपल्या गुडघ्याशी लावली. आई माझ्याकडेच बघत होती.

"काकांचं पान पडायचं होतं ना अजून?"