पेटीवरून पियानोवर: माझा अनुभव

पेटी येते म्हटल्यावर पियानो सहज जमेल, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. उजव्या हातापुरतं ते खरं आहे. पट्ट्यांची मांडणी तीच, पांढरी एक म्हणजे सी, आणि तिथून बिलावलचे, म्हणजे सगळे शुद्ध, स्वर वाजवले की सी मेजर झालं. गाडी अडते ती डाव्या हातापाशी. त्याने आयुष्यभर भाता मारलेला असतो आणि आवाज लहान-मोठा करणंही त्याच्याकडेच असतं. पियानोत ते काम प्रत्येक बोटाला स्वतः करावं लागतं. पेटीवाल्यांनी सुरुवात करताना हे एवढं धरून चालावं, बाकीचं मागून येतं.

कोल्हापूर हे नामवंत पेटीवादक गोविंदराव टेंब्यांचं गाव. देवल क्लब ही संगीताची संस्था इथे 1883 पासून आहे. पेटी शिकवणारं कुणी ना कुणी इथे ओळखीत निघतंच. पियानोसाठी मात्र मला विचारपूस करत फिरावं लागलं. शेवटी राजारामपुरीत माझ्या लेकीच्या वयाच्या एक मॅडम भेटल्या. त्या मला काकू म्हणतात, मी त्यांना मॅडम. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "काकू, पट्ट्या वजनदार असल्याशिवाय घेऊ नका."

त्याचा अर्थ पुण्यात भावाकडे गेले तेव्हा दुकानात हात ठेवून बघितल्यावर कळला. 61 पट्ट्यांच्या साध्या कीबोर्डची पट्टी स्प्रिंगवर असते. दाबली की हलकीच खाली जाते. 88 पट्ट्यांच्या डिजिटल पियानोत पट्टीमागे खरोखरचं वजन हलतं, आणि खर्जाकडच्या पट्ट्या तारसप्तकाकडच्या पट्ट्यांपेक्षा जड लागतात, कारण तारांच्या पियानोतही तारांवर पडणारे खर्जाचे हातोडे जड असतात. यामाहा, रोलँड, कॅसिओ, कॉर्ग या सगळ्यांची अशी सुरुवातीची मॉडेलं आहेत. शेकडो आवाज आणि तयार ताल यांच्याकडे बघून भुलू नये. घरी शिकणाऱ्याला पियानोचा एक चांगला आवाज, वजनदार पट्ट्या, स्वर लांबवणारं पायातलं पेडल आणि हेडफोनची जागा एवढं पुरतं. तारांचा पियानो आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत बेसूर होतो, त्याला ट्यूनर बोलवावा लागतो. डिजिटलला ती भानगड नाही. वळवाच्या विजा चमकायला लागल्या की मी प्लग काढून ठेवते, एवढंच.

बैठक हा मोठा बदल. पेटीला मांडी घालून बसायची सवय, इथे स्टूल. जेवणाच्या टेबलावर पियानो ठेवला तर पट्ट्या फार वर येतात आणि खांदे उचलले जातात. पट्ट्यांचा वरचा भाग जमिनीपासून साधारण 72-73 सेंटीमीटरवर हवा, हे माप देऊन मी मंगळवार पेठेतल्या सुतारमामांकडून सागवानी स्टँड करून घेतला. कोपर पट्ट्यांच्या पातळीत आलं की मनगट आपोआप सैल पडतं.

आता खरा विषय, आवाजाचा. पेटीची पट्टी दाबून धरली आणि भाता चालू ठेवला की स्वर हवा तेवढा उभा राहतो. पियानोत हातोडा एकदा लागला की स्वर विझायलाच लागतो, मग पट्टी कितीही घट्ट दाबा. आतले सेन्सर बघतात ते पट्टी किती वेगाने खाली गेली. म्हणून मॅडमनी मला दिलेला पहिला पाठ असा: एक पट्टी इतकी सावकाश दाबायची की आवाजच येऊ नये. मग जरा वेग वाढवायचा, अगदी पुसटसा सा उमटेपर्यंत. त्यानंतर तोच सा थोडा मोठा, आणखी मोठा. मग हेच करंगळीने. करंगळीचा सा अंगठ्याच्या साइतका भरीव यायला फार दिवस लागतात, आणि डाव्या करंगळीला त्याहून जास्त. मला या पाठाचा कंटाळा कधी आला नाही. गळ्यावर खर्ज लावतात तसा हा बोटांचा खर्ज आहे.

बोटांना दोन्ही हातांत अंगठ्यापासून एक ते पाच आकडे असतात. उजव्या हाताने सा रे ग झालं की अंगठा बोटांच्या खालून म वर न्यायचा. डाव्या हाताने चढताना करंगळीपासून सुरुवात, पंचमावर अंगठा येतो, आणि मधलं बोट त्याच्यावरून धैवतावर टाकायचं. दोन्ही हातांचं हे वळण वेगवेगळ्या जागी येतं, म्हणून हात वेगवेगळे बसवूनच एकत्र आणावेत. मी त्याआधी एक मधली पायरी केली, ती पेटीवाल्यांना मनापासून सुचवते: डाव्या हाताने सा आणि प, तंबोऱ्यासारखे, विझत आले की पुन्हा, उजव्या हाताने सावकाश भूप. भूपात पाचच स्वर, सगळे पांढऱ्या पट्ट्यांवर. डावा हात हवा भरायचं विसरतो आणि ऐकायला लागतो.

ट्रान्सपोजचं, म्हणजे बोटं तीच ठेवून सूर वर-खाली करणारं, बटण शिकताना वापरू नये असं माझं ठाम मत आहे. बोट पांढरी एकवर आणि कानात काळी चार, यात कान आणि हात यांची फारकत होते. भजनात साथ करायची असेल तेव्हा वापरा.

पेडल नंतर घेतलं तरी चालतं. घेतल्यावर खाली रबरी चटई टाका, नाहीतर गुळगुळीत फरशीवर ते घसरत पुढे जातं. आणि पियानो चालू करताना त्यावर पाय नको, काही पियानोंत मग ते उलटं चालतं. पट्टी वाजल्यानंतर पेडल दाबायचं, पुढचा स्वर वाजताच सोडून पुन्हा दाबायचं. नाहीतर सगळे स्वर एकमेकांत कालवले जातात.

रात्री हेडफोन लावला तरी पट्ट्यांची धपधप खालच्या मजल्यावर जाते. खालच्या वहिनींनी विचारल्यावर मी स्टँडखाली जाड सतरंजीची घडी घातली, आता त्यांना ऐकू येत नाही.

सध्या डाव्या हाताचं नोटेशन वाचायला शिकतेय. सरगम लिहून काढायची सवय आहे, त्यामुळे रेघांवरचे ठिपके वाचायला वेळ लागतो. मॅडम म्हणतात रोज चार ओळी, वाजवायच्या नाहीत, नुसत्या वाचायच्या.