बीगलबोन ब्लॅकचा वॉचडॉग: रॉमपासून सिस्टमडीपर्यंतची भोकं बुजवताना

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या मागांवर फेऱ्या मोजायला बीगलबोन ब्लॅक हा छोटा लिनक्स बोर्ड बसवलाय. शेडमध्ये लाइट जाते, येते, पुन्हा झपकन जाते. त्यात बोर्ड अर्ध्या बूटवरच अडकतो. अशा वेळी कामाला येतो वॉचडॉग: ठरलेल्या मुदतीत ‘जिवंत आहे’ अशी खूण, म्हणजे पिंग, मिळाली नाही तर बोर्ड रीसेट करणारा टायमर. पण अ‍ॅप्लिकेशनमधला वॉचडॉग इथे बिनकामाचा, कारण तो उठायच्या आधीच गाडं अडलेलं असतं. म्हणून या टप्प्याचं काम एकच: करंट आल्यापासून वॉचडॉग कुठेच बंद पडू द्यायचा नाही.

सुरुवात फुकटात मिळते. चिपमधला बूट रॉम डब्ल्यूडीटी१ हा वॉचडॉग स्वतःच तीन मिनिटांवर लावून ठेवतो. पण यू-बूटचा (लिनक्सला उठवणारा बूटलोडर) एसपीएल, म्हणजे त्याचा छोटा पहिला टप्पा, अगदी सुरुवातीलाच तो बंद करतो. तो बंद करणारा कॉल काढला की रॉमची तीन मिनिटं पुढे चालू राहतात. मुख्य यू-बूटमध्ये ओमॅप वॉचडॉग ड्रायव्हर आणि ऑटोस्टार्ट चालू करून मुदत ६०,००० मिलिसेकंद ठेवली. रजिस्टरला थेट हात घालणार असाल तर क्रम पाळा: डब्ल्यूएसपीआर या चालू-बंद करायच्या रजिस्टरमध्ये आधी हेक्स बीबीबीबी, मग ४४४४. प्रत्येक लेखनानंतर डब्ल्यूडब्ल्यूपीएस या रजिस्टरमधला पेंडिंग बिट (लेखन अजून पोचायचं असल्याची खूण) उतरेपर्यंत थांबायचं. टायमर ३२ किलोहर्ट्झवर चालतो, प्रोसेसरच्या मानाने गोगलगाय; न थांबता लिहिलं तर टायमर सुरू झाला असं नुसतं वाटतं.

सगळ्यात फसवं भोक कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आहे. यू-बूटने चालू करून दिलेला वॉचडॉग ओमॅप_डब्ल्यूडीटी ड्रायव्हर प्रोबच्या (हार्डवेअरशी जोडून घेण्याच्या) वेळी गुपचूप बंद करतो. एररही नाही, लॉगमध्ये बंद केल्याचा चकार शब्द नाही. उपाय: ड्रायव्हर मॉड्यूल न ठेवता कर्नलमध्येच बिल्ट-इन करा आणि बूटआर्ग्जमध्ये (यू-बूट कर्नलला देतो ते पर्याय) ‘ओमॅप_डब्ल्यूडीटी.अर्ली_एनेबल=१’ द्या. मॉड्यूल ठेवला तर रूट फाइलसिस्टम माउंट होईपर्यंत वॉचडॉगला पिंग करायला कोणी नसतं, आणि ६० सेकंद तिथेच संपू शकतात.

हे केलं की उलटी अडचण उभी राहते. यूजरस्पेस, म्हणजे कर्नलबाहेरचा एखादा प्रोग्रॅम, वॉचडॉगचं डिव्हाइस उघडेपर्यंत कर्नल स्वतःच वॉचडॉगला पिंग करत बसतो, आणि त्याला मुदत नाही. रूट माउंट झालं पण इनिट (कर्नल सुरू करतो तो पहिला प्रोग्रॅम) अडकलं, तर बोर्ड जन्मभर तसाच. ‘वॉचडॉग.ओपन_टाइमआउट=६०’ दिलं की हा लाड संपतो. पुढे सिस्टमडीच्या (इथला इनिट) सिस्टम.कॉन्फमध्ये ‘रनटाइमवॉचडॉगसेक=३०’; सिस्टमडी निम्म्या वेळाला पिंग करतो.

आता शेडमधलं खास दुखणं. मोटारी आणि कॉन्टॅक्टरचा नॉइज डिबग हेडरच्या आरएक्स पिनवर आला की यू-बूटला कळ दाबल्यासारखं वाटतं आणि तो प्रॉम्प्टवर थांबतो. प्रॉम्प्टवर यू-बूट वॉचडॉगला इमानेइतबारे पिंग करतो, त्यामुळे रीसेट कधीच येत नाही! बूटडिले (बूटआधी कळेची वाट पाहायचा वेळ) उणे २ केला की कळ तपासणंच बंद होतं. दुरुस्तीसाठी वाट हवी असेल तर ठरावीक शब्द टाइप केल्याशिवाय न थांबणारा ऑटोबूट ठेवा. आमचं मत दुसऱ्याच्या बाजूने, कारण उणे २ नंतर चुकीचं एन्व्हायर्नमेंट (यू-बूटच्या सेटिंग्ज) सुधारायला कार्ड काढावंच लागतं.

चाचण्या टप्प्याटप्प्याने घ्या. एसपीएलमध्ये मुद्दाम अनंत लूप: साधारण तीन मिनिटांत रीसेट. ‘इनिट=/बिन/एसएच’ देऊन बूट: ओपन टाइमआउट तपासला जातो. चालू सिस्टिमवर ‘किल -सेगव्ही १’: सिस्टमडी गोठतो आणि पिंग थांबतं. प्रत्येक वेळी यू-बूटमध्ये ४४ई००एफ०८ हा पत्ता (रीसेटचं कारण नोंदवणारं रजिस्टर) वाचा. बिट ४ चढलेला असेल तरच रीसेट वॉचडॉगचा. वाचून झाल्यावर त्याच बिटवर १ लिहून तो पुसा, नाहीतर पुढच्या वेळी जुनीच खूण दिसेल.

बूटकाउंट, म्हणजे बूटच्या प्रयत्नांची मोजणी, आरटीसीच्या (घड्याळाच्या) स्क्रॅच रजिस्टरमध्ये ठेवलाय, मर्यादा ३. लिनक्स नीट उठल्यावर तो शून्य करणारी सर्व्हिस विसरू नका. ती नसेल तर साधे रीबूटही मोजले जातात आणि ठणठणीत बोर्ड ऑल्टबूटसीएमडीवर, म्हणजे पर्यायी बूटवर, जातो.

बाकी राहिलंय एसडी कार्ड. वॉचडॉगचा रीसेट वॉर्म असतो, ३.३ व्होल्टची लाइन तुटत नाही, म्हणून आतून अडकलेलं कार्ड रीसेटनंतरही अडकलेलंच. यावर ५ व्होल्टचा पुरवठाच तोडणारा बाहेरचा वॉचडॉग लागेल. टीपीएस३८२३ या तयार वॉचडॉग चिपची मुदत साधारण १.६ सेकंद, कर्नल बूटसाठी फारच तोकडी. म्हणून पुढच्या टप्प्यात एटीटायनी८५ हा मायक्रोकंट्रोलर आणि पुरवठा तोडायला पी-मॉसफेट.