स्टीलचं भांडं घेताना मी आधी बूड बघते

जुन्या नॉनस्टिक तव्यांचा लेप उडायला लागला आणि घरात एकमतानं ठरलं, आता स्टीलच घ्यायचं. एकमत तेवढ्यापुरतंच होतं. कुणाला एकदम पूर्ण सेट हवा होता, कुणाची "महाग तेच टिकतं" अशी पक्की खात्री होती. मला खर्च आटोक्यात हवा होता, आणि अर्धा करपलेला, अर्धा कच्चा कांदा नको होता. शेवटी निवडीचं काम माझ्याच गळ्यात पडलं, ते बरंच झालं.

सुरुवात आकड्यांपासून केली, कारण दुकानात सगळ्यात आधी तेच ऐकवतात: १८/८, १८/१०, १८/०, ३०४, ३१६. यातले तिरक्या रेघेचे आकडे सोपे आहेत. पहिला क्रोमियमचा टक्का, दुसरा निकेलचा. पोलादात क्रोमियम साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा एक थर धरतो. तो जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा असतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि घासताना ओरखडा पडला तरी हवा लागताच आपोआप भरून येतो. स्टील गंजत नाही ते या थरामुळे. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून पोलादावर प्रयोग करत होते, तेव्हा १९१३ मध्ये त्यांच्या हाती असं न गंजणारं मिश्रण आलं. निकेल घातलेलं १८/८ पुढे १९२४ मध्ये तिथेच तयार झालं, आणि स्वयंपाकघरातल्या चांगल्या भांड्यांत आजही मुख्यतः तेच चालतं.

३०४, ३१६ असे तीन आकडी क्रमांक म्हणजे स्टीलच्या ग्रेडची, जातीची, नावं. ३०४ म्हणजे व्यवहारात १८/८च. १८/१० मध्ये निकेल किंचित जास्त, पण कुळ तेच. रोजच्या वापरात दोन्हींत फरक जाणवेल असं मला वाटत नाही, आणि नुसत्या त्या दोन टक्क्यांसाठी जास्त पैसे मोजायची माझी तयारी नव्हती. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते मिठाला जास्त दाद देत नाही. चांगलंच आहे, पण तव्यासाठी ती चैन झाली. १८/० म्हणजे ४३०: निकेल जवळजवळ नाहीच, स्वस्त, चुंबकाला चिकटणारं, गंजाच्या बाबतीत थोडं कमी पडणारं. ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी मात्र तेच बरं.

खरी गोम २०१ आणि २०२ या जातींत आहे. यात महागड्या निकेलचा बराचसा भाग काढून मँगॅनीज घातलेलं असतं. नवं असताना चकाकी अगदी ३०४सारखी. मीठ आणि आंबट पदार्थ यांच्याशी रोज गाठ पडली की फरक कळायला लागतो, बुडाशी बारीक डाग आणि खड्डे दिसू लागतात. कोरड्या वस्तू ठेवायच्या डब्याला ही जात पुरते. ज्यात शिजवायचं त्याला मी घेतली नाही.

मग ओळखायचं कसं? "चुंबक लावून बघ, चिकटलं तर नकली," हा सल्ला मला जवळपास प्रत्येकानं दिला. सल्ला देणाऱ्यांचा मान राखून सांगते, तो निरुपयोगी आहे. चुंबक ३०४ला चिकटत नाही तसं २०१लाही चिकटत नाही, म्हणजे ज्या दोघांत फरक करायचा तिथेच तो गप्प. उलट चांगल्या ३०४च्या भांड्यालाही, पत्रा जिथे दाबून ओढलेला असतो त्या वळणावर, चुंबक हलकंसं धरतं. आणि इंडक्शनवर चालणाऱ्या उत्तम भांड्यांना बाहेरून ४३०चा थर मुद्दाम दिलेला असतो, तिथे ते घट्ट चिकटणारच. चुंबकानं एकच गोष्ट खात्रीनं कळते, भांडं इंडक्शनवर चालेल की नाही. तेवढ्यासाठी खिशात ठेवलं होतं.

जात ओळखायला घरगुती उपाय मला सापडला नाही, म्हणून साधा नियम केला. आतल्या थराचा, म्हणजे अन्नाला लागणाऱ्या स्टीलचा, ग्रेड भांड्यावर ठोकलेला किंवा सोबतच्या कागदावर स्पष्ट लिहिलेला हवा. नुसतं "स्टेनलेस स्टील" लिहिलं असेल तर ती स्वस्तातली जात आहे असं धरून चालायचं. "सर्जिकल स्टील", "प्रीमियम स्टील" असल्या शब्दांवरून ग्रेड कळत नाही. असे शब्द मोठ्या अक्षरांत आणि ग्रेड कुठेच नाही, असं दिसलं की मी खोकं खाली ठेवत असे.

इथवर मला वाटत होतं, चांगलं ३०४ मिळालं की काम झालं. पण ग्रेडवरून भांडं गंजेल की नाही एवढंच कळतं. ते स्वयंपाक कसं करेल हे बुडावर ठरतं.

स्टील उष्णता फार वाईट वाहून नेतं. ॲल्युमिनियम त्याच्या दहापटीहून जास्त चांगलं नेतं, तांबं वीसपटीहून जास्त. म्हणून नुसत्या पातळ स्टीलच्या भांड्यात ज्योत जिथे लागते तिथेच ताप राहतो, बाजूला पसरत नाही. दूध खाली लागतं तेव्हा बुडाशी गॅसच्या बर्नरच्या आकाराचं तपकिरी कडं उमटतं, ते याचंच चित्र. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि तो हिशेब उलटा असतो: आकडा मोठा, पत्रा पातळ. २२ गेज म्हणजे जेमतेम पाऊण-एक मिलिमीटर, १८ गेज म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास. "बावीस गेज आहे, दणकट आहे" असं अभिमानानं सांगणारे भेटले, त्यांच्याशी मी वाद घातला नाही.

पत्रा जाड केल्यानं थोडा फरक पडतो, पण खरा उपाय म्हणजे स्टीलच्या मध्ये ॲल्युमिनियम घालणं. ते दोन तऱ्हांनी करतात. एक, भांडं नेहमीच्या पत्र्याचं आणि फक्त बुडाला ॲल्युमिनियमची जाड चकती, वरून स्टीलचं टोपण. याला सँडविच बूड म्हणतात. दुसरी तऱ्हा ट्रायप्लाय: स्टील, ॲल्युमिनियम, स्टील असे तीन थर दाबून एक केलेले, आणि त्या एकजीव पत्र्यातून बुडापासून काठापर्यंत अख्खं भांडं घडवलेलं. ट्रायप्लाय महाग असतं. ते प्रत्येक भांड्याला लागतं का, हा प्रश्न मला बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटला, कारण पैसे वाचतात ते इथेच.

उत्तर भांड्याच्या कामात आहे. पाणी उकळायचं, काही उकडायचं, तर पाणी स्वतःच फिरत राहतं आणि उष्णता सगळीकडे नेतं. तिथे पातळ बुडाचं स्वस्त पातेलंही तेच काम करतं. दूध आटवायचं, दाट काही मंद आचेवर ठेवायचं, तर बूड जाड हवं, पण बाजू पातळ असल्या तरी चालतात. इथे सँडविच बूड पुरतं, आणि त्यातली चकती बऱ्याचदा ट्रायप्लायमधल्या ॲल्युमिनियमपेक्षा जाडच असते. परतायचं, भाजायचं, उतरत्या बाजूंच्या तव्यात किंवा कढईत काम करायचं, तर पदार्थ बाजूंनाही लागतो. तिथे ट्रायप्लायचे पैसे वसूल होतात. म्हणून मी ट्रायप्लाय फक्त तवा आणि कढई घेतली, मधलं खोलगट पातेलं सँडविच बुडाचं, आणि मोठं पातेलं सगळ्यात साधं. घरातल्या "सगळं एकसारखं दिसायला हवं" या मताला मी जुमानलं नाही.

सँडविच बुडात एक गोष्ट वाकून बघावी लागते, चकती बुडाच्या कडेपर्यंत पोचते का. बऱ्याच भांड्यांत ती बोटभर आत संपते. मग गॅसची ज्योत चकतीबाहेरून वर येते, नेमक्या त्या उघड्या पातळ पट्टीवर लागते, आणि मध्यभागी सगळं छान असताना कडेनं गोल करपतं. इंडक्शनवाल्यांना याचा त्रास कमी. तांब्याच्या रंगाचं बूड दिसायला सुरेख असतं, पण बहुतेक स्वस्त भांड्यांवर तो नुसता मुलामा असतो, एवढ्या पातळ थरानं उष्णता पसरण्यात काही फरक पडत नाही.

ट्रायप्लायमध्ये दुसरी भूल थरांच्या संख्येची. पाच थर, सात थर, असं ऐकलं की वाटतं जास्त ते चांगलं. बघायची ती एकूण जाडी, आणि त्यातलं ॲल्युमिनियम किती. अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जाड असलेलं तीन थरांचं भांडं पातळ पाच थरांच्या भांड्यापेक्षा बरं. जाडी लिहिलेली नसेल तर एकाच मापाची, एकाच आकाराची दोन भांडी झाकण काढून हातात तोलायची. झाकण काढूनच, कारण जड झाकण आणि भरीव दांडा यांनी वजन फसवं होतं.

घेण्याआधी नात्यातल्या एकीकडून तिचा ट्रायप्लाय तवा मागून आणला आणि आमच्या शेगडीवर एक सोपी चाचणी केली. कोरड्या तव्यात पिठाचा पातळ, सारखा थर पसरायचा, मध्यम आच ठेवायची आणि न हलवता बघत राहायचं. पीठ जिथे आधी तपकिरी होतं तिथे ताप जास्त. आमच्या जुन्या पातळ पातेल्यात ठळक कडं उठलं आणि मधलं पीठ पांढरंच राहिलं. तिच्या तव्यात रंग हळूहळू, जवळपास सगळीकडे एकदम चढला. जाहिरात वाचून पटलं नसतं ते मूठभर पिठात पटलं.

सेटचा विचार मी लवकरच सोडला. "दहा नगांचा सेट" मोजून बघा, त्यात चार झाकणं निघतात, एखादी चाळणी निघते, आणि दोन भांडी अशा मापाची असतात की ती कपाटातच राहतात. सुटं एकेक घेतलं तर नगाला पैसे जास्त पडतात, एकूण खर्च मात्र कमी होतो.

मापाचंही जरा सांगते. तव्यावर लिहिलेलं माप काठापासून काठापर्यंतचं असतं. बाजू उतरत्या असतील तर २८ सेंटीमीटरच्या तव्याचं सपाट बूड २० सेंटीमीटरच्या आसपासच भरतं. टेप घेऊन बूड मोजायचं आणि आपल्या शेगडीशी ताडून बघायचं. मग पट्टी बुडावर आडवी धरायची: मध्ये अगदी किंचित खोलगटपणा चालतो, कारण तापल्यावर धातू फुगून ते सपाट होतं. बाहेर फुगलेलं बूड नको, ते काचेच्या शेगडीवर भिंगरीसारखं फिरतं.

दांडा रिव्हेटचा असेल तर मजबूत, पण आतल्या रिव्हेटांच्या डोक्यांभोवती तेलाचा चिकटा साठतो आणि तो घासणीला दाद देत नाही. वेल्ड केलेला दांडा आतून साफ राहतो, पण स्वस्तातला वेल्ड कधी निसटेल सांगता येत नाही. तव्याला मी रिव्हेटच घेतले. काठ बाहेर वळलेला असेल तर ओतताना ओघळ खाली येत नाही. ट्रायप्लायचा काठ नुसता कापलेला असेल तर ॲल्युमिनियमची रेघ उघडी राहते. डिशवॉशरच्या तीव्र साबणानं ते ॲल्युमिनियम झिजतं आणि स्टीलच्या दोन कडा पात्यासारख्या धारदार होतात. हातानं घासणाऱ्यांना याची काळजी नाही.

वापराबद्दल थोडक्यात. स्टीलला चिकटतं ही तक्रार बहुतेक वेळा तापमानाची असते. रिकामा तवा मध्यम आचेवर तापवून पाण्याचा थेंब टाकायचा. तो चुरचुरून आटला तर तवा अजून थंड, मण्यासारखा घरंगळत राहिला तर तवा साधारण दोनशे अंशांच्या घरात. मग आच कमी करायची, तेल घालायचं. अंड्यासाठी एवढा ताप जास्त होतो, तेव्हा तवा जरा निवू द्यायचा. मीठ थंड पाण्यात टाकून तळाशी बसू द्यायचं नाही, ३०४लाही त्यानं बारीक खड्डे पडतात. पाणी उकळल्यावर टाकावं. तापून आलेले इंद्रधनुषी डाग व्हिनेगरनं जातात आणि ते निरुपद्रवी असतात. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं तर बूड वाकतं. नव्या भांड्यात लगेच टोमॅटो तासन्‌तास शिजवणं मी टाळलं, कारण २०१३च्या एका अभ्यासात नव्या स्टीलमधून आंबट पदार्थात निकेल आणि क्रोमियम जास्त उतरतं आणि त्यात अनेकदा शिजवून झाल्यावर ते प्रमाण पुष्कळ कमी होतं, असं दिसलं होतं.

आता एक छोटं, दांड्याचं पातेलं तेवढं राहिलंय. सँडविच बूड कडेपर्यंत, काठ वळलेला, आत रिव्हेट नाहीत आणि ग्रेड ठोकलेला, असं चारही एकत्र असलेलं अजून मिळालं नाही. तोवर जुनं पातळ पातेलं चालू आहे, त्यात दूध तापवताना मी तिथून हलत नाही.