टाच वर, बोर्ड जागेवरच

टोरोंटोहून गाडीने सुमारे दोन तासांवर, जॉर्जियन बेच्या काठी कॉलिंगवुड नावाचे गाव आहे. नायगारा धबधबा ज्या कड्यावरून कोसळतो, तोच कडा वळणे घेत उत्तरेकडे येतो आणि या गावाजवळ त्याचे बर्फावर घसरण्याजोगे उतार होतात. त्यांतील सर्वांत मोठ्या, ब्लू माउंटनच्या उताराची उंचीही पायथ्यापासून जेमतेम 220 मीटर भरते, त्यामुळे सिंहगड चढलेल्या माणसाला ही टेकडीच वाटेल. याच परिसरात हिवाळ्यातील शनिवार-रविवारी मी स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे बांधून बर्फावरून घसरणे, शिकवते. आठवड्याचे उरलेले दिवस मिसिसागातील कार्यालयात जातात.

प्रशिक्षक होण्यासाठी येथे कॅनेडियन असोसिएशन ऑफ स्नोबोर्ड इन्स्ट्रक्टर्स या संस्थेची पहिली पातळी पूर्ण करावी लागते. तीन दिवसांच्या या अभ्यासक्रमात स्वतःचे घसरणे तपासले जातेच, पण बरोबरच्या उमेदवारांना प्रत्यक्ष धडा द्यावा लागतो आणि अनेकांची खरी दमछाक तेथेच होते. नवशिक्यांना शिकवण्याचे पाच टप्पे या संस्थेने ठरवून दिले आहेत: प्राथमिक ओळख, सरकणे, नियंत्रण, वळणे आणि शेवटी या सगळ्यातील सलगता. साहित्याची ओळख पहिल्याच टप्प्यात येते. परंतु समोर थंडीने कुडकुडणारी दहाबारा माणसे उभी असली की हा भाग पाच मिनिटांत उरकला जातो, आणि त्याची किंमत पुढे विद्यार्थी मोजतो, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत ज्यांच्यामुळे पक्के झाले ते गृहस्थ एका फेब्रुवारीतील रविवारी माझ्या वर्गात आले.

वय पन्नाशीच्या आसपास, मूळचे सांगलीचे, आता ब्रॅम्प्टनला स्थायिक. मी दुसऱ्या एका विद्यार्थ्याला सूचना देताना 'हं, असं' म्हणून गेले, ते त्यांनी अचूक टिपले. "अहो, तुम्ही मराठी? मग ताई, आता स्पष्टच सांगतो. हा माझा तिसरा वर्ग आहे. मुलगी चार दिवसांत शिकली, मी अजून इथेच आहे. गुडघे आता ऐकत नाहीत." त्यांच्या हातातील बोर्ड कोरा आणि महागडा होता, आणि तितकाच ताठर. वेगाने उतरणाऱ्या अनुभवी माणसाला असा बोर्ड आवडतो. नवशिक्याला मात्र थोडा लवचिक बोर्ड बरा, कारण तो लहानसहान चुका पोटात घालतो.

टाचेकडच्या कडेवर त्यांचे उत्तम चालले होते. दरीकडे तोंड करून, टाचांवर भार देऊन ते सावकाश खाली सरकत आणि हवे तेथे थांबत. अडचण चवड्याकडच्या कडेची होती. तेथे तोंड डोंगराकडे, पाठ उताराकडे, आणि टाचा उचलून, नडग्या बुटाच्या जिभेवर रेलून बोर्डाची वरची कड बर्फात रोवावी लागते. ते तसे करायला जात आणि क्षणात बोर्ड सपाट होई. सपाट बोर्डाची उताराकडची कड बर्फात अडकली की माणूस पाठीवर आपटतो, आणि ते तसेच आपटत होते. हेल्मेट होते म्हणून डोके वाचले. सकाळचा बर्फ, त्यातही तोफांनी पाणी फवारून तयार केलेला, फरशीइतका कठीण असतो.

आधीच्या वर्गांत त्यांना 'गुडघे वाकवा' एवढेच वारंवार सांगितले गेले होते. गुडघे ते वाकवत होते. मला खटकले ते वेगळेच: प्रत्येक वेळी त्यांची कंबर मागे जाऊन ढुंगण बाहेर येत होते. चवड्यावर भार देऊ पाहणारा माणूस असा मोडून उभा राहतो, तेव्हा खाली कोठेतरी त्याला आधार मिळत नसतो. मी त्यांना बर्फावर बसवले, बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला बांधणारी पट्ट्यांची पकड, सोडवले आणि एका बुटाची मागची बाजू दोन्ही हातांनी बर्फावर घट्ट दाबून धरली. "आता बूट न हलवता टाच उचला." बूट हलला नाही. आतली टाच मात्र चांगली दोन बोटे वर सरकली. ती माझ्या तळव्याला बाहेरूनही जाणवली. म्हणजे टाच उचलण्याची त्यांची सगळी मेहनत बुटाच्या पोकळीत जिरत होती आणि बोर्डापर्यंत काहीच पोहोचत नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही भाड्याने साहित्य देणाऱ्या खिडकीशी गेलो. त्यांनी बूट काढले तर आत मोजांचे दोन जोड निघाले: वर सासूबाईंनी विणलेला लोकरीचा आणि आत सुती, घामाने पार ओला. सुती मोजा ओला झाला की पाय गार पडतो, आणि दोन मोजे एकमेकांवर सरकू लागले की उरलीसुरली पकडही जाते. एकच पातळ लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा मोजा पुरतो. मापाच्या पट्टीवर पाय 27 सेंटीमीटर भरला. स्नोबोर्डच्या बुटांचे माप असे पायाच्या लांबीवरच ठरते आणि सेंटीमीटरमधील आकडा बुटाच्या आत छापलेला असतो. त्यांच्या बुटांवर 29 होते. रोजचे बूट त्यांना सैल आवडत, त्यावर 'जाड मोजांसाठी' आणखी एक नंबर वाढवून त्यांनी ते घरबसल्या मागवले होते.

भाड्याचे 27 चे बूट चढवल्यावर ते कुरकुरले, "बोटं पुढे टेकतायत." सरळ उभे असताना ती हलकी टेकलीच पाहिजेत, गुडघे वाकवले की पाय मागे सरकतो, टाच कोपऱ्यात बसते आणि बोटे मोकळी होतात. शिवाय वापराने आतले अस्तर दबते आणि बूट थोडा सैलावतोच, त्यामुळे दुकानात ऐसपैस वाटलेला बूट दोन महिन्यांनी खडखडू लागतो. बाइंडिंगचे पट्टे नव्या बुटाच्या मापाने बसवायला मला काही मिनिटे लागली. पुढचा पाय आधीपासूनच पंधरा अंश बाहेर वळलेला होता, मागचा मी नऊ अंश उलट दिशेला वळवून घेतला.

दुपारी चमत्कार झाला असे नाही. चवड्याकडच्या कडेवर ते पहिल्यांदा थांबले तेव्हा त्यांचा स्वतःचाच विश्वास बसला नाही आणि त्या आनंदात ते पुन्हा पडले. पण पडण्याची जात बदलली होती. आता ते पुढे, गुडघ्यांवर पडत होते, म्हणजे भार अखेर चवड्यावर येत होता. तीनच्या सुमारास त्यांनी दोन्ही बाजूंची वळणे एकमेकांना जोडली. चार वळणे झाली आणि पाचव्याला कुंपणाची जाळी आली.

"मग हा बोर्ड विकून टाकू का?" त्यांनी विचारले. मी नको म्हटले. बोर्डाची लांबी त्यांच्या वजनाला योग्य होती, आणि हेच पाहायचे असते. बोर्ड हनुवटीपर्यंत यावा हा ठोकताळा फार विश्वासाचा नाही. 27 च्या पायाला रुंदीही पुरेशी होती. ताठरपणा पुढच्या हिवाळ्यापर्यंत त्यांना सोसेल. पैसे खर्चायचेच तर आधी बुटांवर, मग बाइंडिंगवर आणि सर्वांत शेवटी बोर्डावर खर्चावेत. लोक नेमके उलट करतात, कारण भिंतीला टेकवून ठेवल्यावर बोर्डच उठून दिसतो. मनगटाची संरक्षक पट्टी मात्र आजच घ्या, असे मी बजावले. नवशिक्यांच्या दुखापतींत मनगट मोडण्याचे प्रमाण मोठे आहे आणि त्यांनी दिवसभर हात टेकूनच स्वतःला सावरले होते.

पुढच्या आठवड्यात त्यांनी दुकानातून फोन केला. 27 चे तीन वेगवेगळे बूट समोर होते आणि तिसऱ्यात टाच अजिबात हलत नव्हती, पण तो सर्वांत स्वस्त असल्यामुळे त्यांना शंका येत होती. मी विचारले, किती वेळ घालून उभे आहात? "पाच मिनिटं." अर्धा तास घालून फिरा, गुडघे वाकवा, जिने चढा-उतरा, आणि तरीही टाच हलली नाही तर घेऊन टाका, असे मी सांगितले. त्यांनी फोन चालूच ठेवला आणि विक्रेत्याला जिना कोठे आहे ते विचारू लागले.