डाव दिल्याशिवाय घरी जायचं नाही

मंगळवार, १ एप्रिल २०२५, रात्री साडेदहा

संध्याकाळी भांडी घासत होते, तेवढ्यात लेक जिन्यावरून धडधडत खाली आला. "आई, झालं! आता सगळ्याच मॅचेसना दोघांना बॉल मिळणार!" हात तसेच ओले ठेवून मी त्याच्या फोनमध्ये डोकावले. फ्लोरिडात पाम बीचला संघमालकांची बैठक चालू होती, तिथे आज मतदान झालं. येत्या मोसमापासून एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या, साखळी सामन्यांतही ओव्हरटाइममध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा वेळेत, दोन्ही संघांना निदान एकेकदा बॉल मिळणार. बाद फेरीत हा नियम २०२२ पासूनच आहे.

आमच्या घरात ही बातमी एवढी मोठी का, ते कुठेतरी लिहून ठेवायला हवं असं कितीतरी दिवस मनात होतं. म्हणून आज जेवणं झाल्यावर वही काढली.

२३ जानेवारी २०२२, रविवार. लेक तेव्हा नऊ वर्षांचा. बाहेर बफेलोचा नेहमीचा बर्फ, आत आम्ही तिघं टीव्हीसमोर, आणि आमच्या बफेलो संघाचा सामना तिकडे कॅन्सस सिटीत. शेवटच्या दोन मिनिटांत दोन्ही संघांनी मिळून २५ गुण केले. आम्ही पुढे, ते पुढे, परत आम्ही पुढे. जॉश ॲलनने, आमच्या क्वार्टरबॅकने म्हणजे बॉल फेकून चढाई चालवणाऱ्याने, त्या रात्री टचडाउनचे (बॉल समोरच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवण्याचे, सहा गुणांचे) चार पास टाकले, चारही गेब्रियल डेव्हिसला. चौथा पडला तेव्हा घड्याळात १३ सेकंद उरले होते आणि ३६-३३ अशी आमची आघाडी होती. नवऱ्याने लेकाला खांद्यावर घेतलं होतं. त्या १३ सेकंदांत कॅन्सस सिटीने दोन पासमध्ये ४४ यार्ड काढले आणि ४९ यार्डांवरून फील्ड गोल मारून, म्हणजे खांबांमधून किक मारून, बरोबरी साधली. इथे आजही कोणी नुसतं "तेरा सेकंद" म्हटलं, की पुढे काही सांगावं लागत नाही.

मग ओव्हरटाइमची नाणेफेक. ॲलनने काटा मागितला, छापा पडला. कॅन्सस सिटीने बॉल घेतला, आठ चालींत ७५ यार्ड कापले, ट्रॅव्हिस केल्सीने टचडाउन केला आणि ४२-३६ वर खेळ संपला. ज्याने ती संपूर्ण रात्र पेलली होती तो आमचा ॲलन ओव्हरटाइमभर मैदानाच्या कडेला होता. बॉल त्याच्या हातात एकदाही आला नाही.

लेक टीव्हीकडे बघतच राहिला. त्याला वाटलं, आता जाहिराती संपतील आणि मग आपण खेळू. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, पण आपला डाव?"

'डाव' हा शब्द त्याने सांगलीत सुट्टीत मामेभावांकडून उचललेला. सांगलीत आमच्या गल्लीत एक मुलगा होता. बॅट त्याची, म्हणून पहिली बॅटिंग त्याची. आउट झाला की त्याला घरचं काहीतरी काम आठवायचं आणि तो बॅट काखोटीला मारून निघून जायचा. शेवटी आम्ही मुलींनी आणि मुलांनी मिळून ठरवलं, डाव दिल्याशिवाय घरी जायचं नाही. त्यावर कोणाला कधी वाद घालावा लागला नाही. आठ-दहा वर्षांच्या पोरांना तो नियम समजावूनही सांगावा लागला नव्हता.

नऊ वर्षांच्या माझ्या मुलाला त्या रात्री मी नियम समजावला. पहिल्या संघाने फील्ड गोल मारला, म्हणजे तीन गुण केले, तर दुसऱ्याला बॉल मिळतो. पण पहिल्याने थेट टचडाउन केला तर खेळ तिथेच खलास. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे त्यांनी जास्त चांगलं केलं म्हणून आपल्याला चान्स नाही?" मला उत्तर देता आलं नाही. अजूनही देता येत नाही.

उत्तर होतं ते पलीकडच्या घरातल्या कोचकडे. ते निवृत्त शिक्षक. आयुष्यभर हायस्कूलच्या पोरांना डिफेन्स शिकवला, म्हणजे समोरच्यांची चढाई अडवणं (त्यासाठी संघात वेगळे अकरा जण असतात), त्यामुळे आळीतले सगळे त्यांना कोच म्हणतात. दुसऱ्या दिवशी दोघंही दारातला बर्फ फावड्याने ओढत होतो, तेव्हा मी माझं दुःख मांडलं. त्यांनी फावडं बर्फात रोवलं आणि शांतपणे सांगितलं: डाव होता की तुमचा. अकरा जण मैदानात होते, ते बफेलोचेच होते. डिफेन्स म्हणजे काय पाहुणे का? आणि या मोसमात कमीत कमी यार्ड देणारा आणि कमीत कमी गुण देणारा डिफेन्स कोणाचा? बफेलोचाच. मग अडवायचं होतं. १३ सेकंदांत अडवलं नाही, ओव्हरटाइममध्ये अडवलं नाही, आणि आता नाण्याला बोल लावता.

हे मी कधीच उडवून लावलं नाही. त्या माणसाने चाळीस वर्षं ज्या मुलांना शिकवलं त्यांचं नाव कधी पेपरात येत नाही, नाव येतं ते क्वार्टरबॅकचं. "ॲलनला बॉल मिळाला नाही" असं आपण म्हणतो तेव्हा त्या मुलांना आपण खेळाडूच समजत नाही, असं त्यांना वाटतं, आणि त्यात तथ्य आहे. १३ सेकंदांचा दोष नियमाचा नव्हताच, तो आमचा.

पण रात्री स्वयंपाक करताना मला त्यांच्याच बोलण्यातली फट सापडली. आमच्या डिफेन्सची परीक्षा झाली, नापास झाला, कबूल. त्यांच्या डिफेन्सची परीक्षा कुठे झाली? त्यांचे अडवणारे अकरा जण ओव्हरटाइममध्ये मैदानात उतरलेच नाहीत. खेळ दोन विषयांचा असेल तर एका संघाने फक्त पहिला पेपर दिला, दुसऱ्याने फक्त दुसरा, आणि कोणाला कुठला पेपर द्यायचा ते नाण्याने ठरवलं. डिफेन्सचा मान राखायचा तर दोन्ही डिफेन्सना उतरवा. मी धावत जाऊन हे कोचना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "हं. हा मुद्दा चांगला आहे." त्यांनी मत बदललं नाही, पण त्या दिवसापासून आमचा वाद बरोबरीचा झाला.

नंतर मी जुनं सगळं वाचून काढलं. साखळी सामन्यांत ओव्हरटाइम आला १९७४ साली, तोवर बरोबरी म्हणजे बरोबरी. बाद फेरीत तो आधीपासून होता. १९५८ च्या अंतिम सामन्यात बाल्टिमोरने न्यूयॉर्क जायंट्सना ओव्हरटाइममध्ये २३-१७ हरवलं होतं. तेव्हाचा नियम सरळ होता, जो आधी गुण करेल तो जिंकेल. पण पुढे किक मारणारे फार तरबेज झाले. त्यात १९९४ मध्ये किकऑफची, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या किकची, जागा पाच यार्ड मागे नेली, त्यामुळे बॉल घेणाऱ्याची सुरुवातच पुढून होऊ लागली. नाणेफेक जिंका, चाळीसेक यार्ड सरका, किक मारा, घरी जा. जानेवारी २०१० मध्ये न्यू ऑर्लिन्सने मिनेसोटाला सुपर बोलच्या, म्हणजे अंतिम सामन्याच्या, दारातून असंच परत पाठवलं, ४० यार्डांच्या एका किकवर, आणि त्यांचा क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह याला ओव्हरटाइममध्ये बॉल मिळाला नाही. तेव्हा कुठे नियम अर्धा बदलला. आधी बाद फेरीत आणि २०१२ पासून सगळीकडे, पहिला फील्ड गोल पुरेसा राहिला नाही. टचडाउनचं मात्र तसंच ठेवलं.

ती ठेवलेली फट पुढे दर दोन-तीन वर्षांनी कोणा ना कोणाच्या पायाखाली आली. २०१७ च्या सुपर बोलमध्ये अटलांटा २८-३ ने पुढे होती, बरोबरी झाली, न्यू इंग्लंडने नाणेफेक जिंकली, टचडाउन केला. जानेवारी २०१९ मध्ये त्याच न्यू इंग्लंडने हेच केलं ते कॅन्सस सिटीला, त्यांच्याच मैदानावर. त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स याला बॉल मिळाला नाही. त्या वर्षी नियम बदला म्हणून प्रस्ताव आणणारी कॅन्सस सिटीच होती, आणि तो पुढे सरकला नाही. म्हणजे त्यांनी जे मागितलं होतं ते तेव्हाच मिळालं असतं, तर तीन वर्षांनी आम्हालाही मिळालं असतं. हे वाचल्यावर माझा त्या संघावरचा राग ओसरला. ॲलनही त्या रात्री हेच म्हणाला होता, नियम आहे तो आहे, नाणं आमच्या बाजूने पडलं असतं तर आम्ही आनंद साजरा करत असतो. पंचवीस वर्षांचं पोर, तसल्या रात्री, आणि एवढं समजून बोललं.

२०१० ते २०२२ या काळात बाद फेरीचे १२ सामने ओव्हरटाइममध्ये गेले. नाणेफेक जिंकणारा १० वेळा जिंकला, त्यांतले ७ तर पहिल्याच चढाईत. मार्च २०२२ मध्ये मालकांनी २९ विरुद्ध ३ मतांनी बाद फेरीपुरता नियम बदलला. आमचा सामना होऊन दोन महिने झाले होते. लेकाला सांगितलं तर म्हणाला, "मग आपली मॅच परत घेणार?"

कोचनी हिशेब चुकता केला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये. लास व्हेगासचा सुपर बोल, नव्या नियमाचा पहिला ओव्हरटाइम. सॅन फ्रान्सिस्कोने नाणेफेक जिंकून आधी बॉल घेतला, तीन गुण केले. आता कॅन्सस सिटीला नेमकं माहीत होतं की किती हवेत. दहा यार्डांसाठी चार प्रयत्न असतात, एरवी चौथ्याला संघ जपून खेळतो. पण तीन गुणांनी मागे असताना जपायचं काय? चौथ्या प्रयत्नाला एक यार्ड हवा होता, माहोम्स स्वतः पळाला, आणि पुढे तीन सेकंद शिल्लक असताना टचडाउन, २५-२२. सॅन फ्रान्सिस्कोच्या काही खेळाडूंनी नंतर सांगितलं की नवा नियम त्यांना ठाऊकच नव्हता. कोच मला म्हणाले, बघ, नाणं अजून तिथेच आहे, फक्त कूस बदलली. आधी पहिला फायद्यात होता, आता दुसरा.

हे खरंच आहे. तरी मला एक फरक दिसतो. सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक काइल शानाहन म्हणत होते, दोघांचं समसमान झालं तर तिसरी चढाई आमची, आणि तिथे पहिला गुण जिंकून देतो. म्हणजे आधी घ्यावा की नंतर, यावर आता शहाण्या माणसांचं एकमत नाही. जुन्या नियमात नाणेफेक जिंकून बॉल नको म्हणणारा कोणी क्वचितच सापडायचा. निवड करताना डोकं खाजवावं लागतं, इतपत तरी पारडी जवळ आली.

याहून चांगला मार्ग होता, असं माझं प्रामाणिक मत आहे. २०२१ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सनी सुचवलं होतं: एका संघाने सांगायचं, बॉल मैदानात कुठे ठेवायचा. दुसऱ्याने ठरवायचं, तिथून चढाई करायची की अडवायचं. मी हे वाचलं आणि मला आमचं स्वयंपाकघर दिसलं. खोबऱ्याच्या वड्यांचं ताट निवत ठेवलेलं, कडेचा शेवटचा वेडावाकडा तुकडा उरलेला, मी आणि दादा दोन्ही बाजूंना. आई सुरी त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "तू काप, ती आधी उचलेल." दादा डोळा बारीक करून, सुरी दोनदा इकडेतिकडे सरकवून, असा कापायचा की मला उचलताना खरोखर कळायचं नाही मोठा कुठला. त्या तुकड्यावरून आमचं भांडण झाल्याचं मला आठवत नाही. तो प्रस्ताव मंजूर झाला नाही, प्रेक्षकांना फार विचित्र वाटेल म्हणून असेल. मला अजून त्याची हळहळ वाटते. यात कोच आणि मी एका बाजूला आहोत, कारण त्यात डिफेन्स निवडणं हाही मानाचा पर्याय ठरतो.

आजच्या निर्णयात एक खोट राहिली आहे, तीही लिहून ठेवते. फिलाडेल्फियाने प्रस्ताव आणला तेव्हा ओव्हरटाइम १५ मिनिटांचा करा असं त्यात होतं. मालकांनी १० मिनिटंच ठेवली. २०१७ साली वेळ कमी केली ती खेळाडूंच्या शरीराचा विचार करून, आणि त्या कारणाला माझा विरोध नाही. त्यांचे गुडघे, त्यांची डोकी आपल्या करमणुकीपेक्षा मोलाची आहेत. पण पहिल्या संघाने संथपणे खेळून सात-आठ मिनिटं खाल्ली, तर दुसऱ्याच्या डावात राहिलं काय? डाव दिला म्हणायचं आणि अंधार पडल्यावर द्यायचा, असं व्हायला नको. कोचना वाटतं की बरोबरीत सुटणारे सामने वाढतील आणि तेही चालेल. मला नाही चालणार, पण ते भांडण सप्टेंबरात.

या जानेवारीत आम्ही परत कॅन्सस सिटीत हरलो, ३२-२९. ओव्हरटाइम नाही, नाणं नाही. शेवटची दोन मिनिटं होती आणि बॉल आमच्याकडे होता. चौथा प्रयत्न, पाच यार्ड हवे होते, समोरून धावून येणाऱ्यांच्या तावडीतून ॲलनने मागे रेलत बॉल उंच फेकला. आमच्याच डाल्टन किंकेडच्या हातांना लागून तो खाली पडला. माझा चहा हातातच गार झाला होता.

लेक आता बारा वर्षांचा आहे. मला वाटलं, त्या रात्री तो रडेल. त्याने अंगावरची निळी जर्सी काढली, घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवली. "बॉल होता आपल्याकडे," एवढंच म्हणाला, आणि दात घासायला गेला.