मैनापीच्या वाटेवर न चिकटलेला टेप

धबधब्याचे वर्णन या वृत्तांतात फारसे सापडणार नाही. गोव्यातील नेत्रावळी अभयारण्यात मैनापी धबधब्याच्या वाटेवर, नेमका गरजेच्या वेळी, प्रथमोपचाराच्या पेटीतील टेप चिकटला नाही आणि परतीचे जवळपास दोन तास आम्ही एका माणसाच्या रक्ताळलेल्या पायाकडे पाहत काढले. माझ्या मते या सहलीतली सांगण्यासारखी गोष्ट तीच आहे. पावसाळ्यात सांगे किंवा सत्तरीच्या रानात जाणाऱ्यांनी निघण्याआधी आपली पेटी उघडून पाहावी, यासाठी हे लिहीत आहे.

आम्ही फोंड्याहून चौघे निघालो होतो: मी, माझा मावसभाऊ आणि त्याचे दोन मित्र. सगळ्यांना चालण्याची सवय आहे. बूट, काठी आणि जळवांसाठी लांब मोजे प्रत्येकाकडे होते, तेव्हा त्यांबद्दल वेगळे सांगत नाही. पेटी मात्र मी नवी घेतली होती. तिच्यावर ‘ट्रॉमा किट’ आणि ‘सर्व ऋतूंसाठी’ असे ठळक छापलेले होते आणि तिचे मी १,६५० रुपये मोजले होते. आत कागदी टेपचा अर्धा इंच रुंदीचा एक रोल, गॉजचे दोन तुकडे, थोडा कापूस, दहा तयार पट्ट्या आणि धार नसलेली कात्री एवढाच माल होता. तो मी घरी उघडून पाहिला नाही. परत आल्यावर फोंड्यातील फार्मसीत तोच माल सुटा घेतला तेव्हा तीनशे रुपयेही लागले नाहीत.

पावसाळ्यात आधी वनखात्याकडे चौकशी करूनच निघावे. २०२३ च्या जुलैमध्ये मैनापीत लोक बुडाल्यानंतर अभयारण्यांतील धबधब्यांवर प्रवेशबंदी घालण्यात आली होती आणि पाण्याचा जोर पाहून पुन्हा तशी बंदी येऊ शकते. नाक्यावर नोंद करून आम्ही गावातला वाटाड्या सोबत घेतला. तो निर्णय शंभर टक्के बरोबर ठरला.

वाट व्हाळ, म्हणजे ओढे, ओलांडत जाते. येताना एका ओलांडणीवर पाणी गुडघ्याच्या वर आले होते आणि दगडांवर काळे, बुळबुळीत शेवाळ होते. ही जागा ‘सोपी’ आहे असे आम्हाला निघण्याआधी दोघांनी सांगितले होते. ती सोपी नाही. मावसभावाचा पाय निसटला आणि नडगीवर, घोट्याच्या वितभर वर, दगडाची कडा लागून बोटभर लांबीची जखम झाली. आम्ही त्याला काठावर बसवले, पाय वर घेतला आणि गॉजचा तुकडा ठेवून दहा मिनिटे न उचलता तळहाताने दाबून धरला. रक्त बरेच थांबले. इथपर्यंत सगळे व्यवस्थित झाले होते.

त्यानंतर तो गॉज जागेवर टिकवायचा होता. पाऊस पडत होता, नडगीवर केस होते, त्वचा ओली होती. मी टेपची पहिली पट्टी लावली, ती बोट उचलताच बोटाबरोबर वर आली. दुसरी एका टोकाला चिकटली आणि दुसऱ्या टोकाला गुंडाळली गेली. तिसरी रोलवरून सोडवतानाच भिजलेल्या पापडासारखी मधून फाटली. तोपर्यंत रोलच्या कडा पाणी पिऊन फुगल्या होत्या आणि त्याचे टोक नखाला सापडेना. शेवटी वाटाड्याने डोक्याचा पंचा सोडला, त्याची चार पदरी घडी केली आणि गॉजवर आवळून बांधली. त्या पंचावर आम्ही बाहेर आलो. तिथे मोबाइलला रेंज नसल्याने १०८ ला फोन करायचा तरी एकाला चालत बाहेर यावेच लागले असते. सांग्याच्या आरोग्य केंद्रात पाच टाके पडले आणि धनुर्वाताचे इंजेक्शन मिळाले.

कागदी टेप वाईट नसतो, आणि मायक्रोपोर या नावाने मिळणाऱ्या कागदी टेपला नावे ठेवण्याची माझी इच्छा नाही. तो म्हाताऱ्या माणसांच्या पातळ त्वचेसाठी, लहान मुलांसाठी, रोज बदलायच्या ड्रेसिंगसाठी उत्तम आहे, कारण तो सहज आणि न दुखवता निघावा अशाच बेताचा त्याचा गोंद असतो. तोच गुण रानात दोष ठरतो. शिवाय कुठल्याही टेपच्या गोंदाला कोरडी त्वचा लागते. मध्ये पाण्याचा किंवा घामाचा पातळसा थर राहिला की गोंद त्या थरावर बसतो आणि त्वचेपर्यंत पोहोचतच नाही. ऑगस्टमधल्या गोव्यात कोरडी त्वचा आपणहून मिळत नाही, ती पुसून तयार करावी लागते.

घरी आल्यावर मी पाच प्रकारचे टेप आणले आणि तीन दिवस स्वतःच्या पोटरीवर व टाचेवर लावून, घाम येईपर्यंत चालून आणि नळाखाली धरून पाहिले. माझा निकाल स्पष्ट आहे: पेटीत एकच टेप ठेवायचा असेल तर झिंक ऑक्साइडचा कापडी टेप ठेवावा, पाच सेंटिमीटर रुंदीचा. जर्मनीतल्या हॅम्बर्गमध्ये १९०१ साली ल्युकोप्लास्ट नावाने जो आला तोच हा प्रकार आहे. तो ताणला जात नाही, हाताने आडवा फाडता येतो, त्यामुळे कात्री सापडली नाही तरी अडत नाही. रुंद टेप उभा फाडून अरुंद करता येतो. अर्धा इंचाचा रुंद कसा करणार? शरीराच्या उबेने त्याचा गोंद आणखी घट्ट बसतो. तोटेही आहेत: काढताना केस ओढले जातात, मागे चिकटा राहतो, काहींची त्वचा लाल होते आणि अनेक टेपांच्या गोंदात नैसर्गिक रबर असल्याने लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांनी वेष्टन वाचूनच घ्यावा. चिकटा खोबरेल तेलाने निघतो. काढताना टेप वर न खेचता त्वचेला समांतर, सावकाश मागे दुमडत न्यावा आणि दुसऱ्या हाताने त्वचा दाबून धरावी.

पारदर्शक, भोके असलेला ट्रान्सपोर सरळ फाटतो आणि नळ्या धरण्यासाठी छान आहे, पण माझ्या ओल्या पोटरीवर तो टिकला नाही. रेशमासारखा ड्युरापोर कोरड्यावर मजबूत वाटला. डायनाप्लास्टसारखी ताणणारी चिकट पट्टी टाच, गुडघा अशा वाकणाऱ्या जागांसाठी घ्यावी. तिला चांगली कात्री लागते.

दुसरी वस्तू म्हणजे कोहेसिव्ह पट्टी. ही त्वचेला किंवा केसांना चिकटत नाही, फक्त स्वतःलाच चिकटते, म्हणून ओल्या नडगीवर गॉज ठेवून तिचे वेढे दिले असते तर आमचा प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटला असता. मात्र ती नकळत फार आवळली जाते. बांधून झाल्यावर पायाच्या बोटाचे नख दाबून पांढरे करावे आणि सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत येतो का ते पाहावे. न आल्यास लगेच सैल करावी आणि पुढे चालतानाही मधूनमधून तपासावे. साधा टेपही सुजणाऱ्या पायाभोवती पूर्ण वेढा देऊन लावू नये.

तिसरी वस्तू टिंक्चर बेन्झोइनची छोटी बाटली. फार्मसीत सहज मिळते, उदासारखा वास येतो. जखमेच्या भोवतालची त्वचा पुसून तेवढ्याच भागावर ती लावावी, चिकट होईपर्यंत थांबावे आणि मग टेप लावावा. उघड्या जखमेत ती जाऊ देऊ नये, भयंकर झोंबते. माझ्या टाचेवरचा झिंक ऑक्साइडचा तुकडा याच्या आधारावर आंघोळीनंतरही दुसऱ्या दिवसापर्यंत राहिला. टेपच्या तुकड्याचे कोपरे कात्रीने गोल कापले तर मोज्याला घासून उचकटत नाहीत. फोड येण्याआधी, सकाळी पाय कोरडे असतानाच टाचेवर टेप लावावा. फोड आलाच तर त्यावर थेट न लावता मध्ये गॉज ठेवावा, नाहीतर काढताना फोडाची कातडी टेपबरोबर निघते.

टेप रक्त थांबवत नाही, रक्त दाबाने थांबते. टेप फक्त ड्रेसिंग धरून ठेवतो. जळवांच्या चाव्यांचेही तसेच आहे: त्यांच्या लाळेतील हिरुडिनसारख्या द्रव्यांमुळे रक्त लवकर गोठत नाही, म्हणून गॉज दाबून धरावा लागतो आणि मग तो टिकवायला टेप लागतो. जाड डक्ट टेप बुटाचा तळ किंवा हाडाला आधार म्हणून बांधलेली फांदी धरायला घ्यावा, त्वचेवर नको.

रोल गाडीत ठेवू नये. उन्हात गोंद वितळून कडेला येतो आणि त्याला धूळ, कापसाचे तंतू चिकटतात. तो झिप असलेल्या पिशवीत ठेवावा, टोक आधीच दुमडून ठेवावे म्हणजे ओल्या बोटांना सापडते, आणि दर पावसाळ्याच्या सुरुवातीला नवा घ्यावा.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या दोघांसह गोपीनाथाच्या देवळाजवळची बुडबुड्यांची तळी पाहिली. छान आहे, गाडी जवळपर्यंत जाते.

भावाचे टाके बाराव्या दिवशी निघाले. वाटाड्याचा पंचा धुऊनही डाग गेले नाहीत, म्हणून नवा पंचा आणि पाच सेंटिमीटरचा एक रोल घेऊन मी पुन्हा नेत्रावळीला गेलो. त्याने रोलचे वेष्टन तिथेच काढले, वितभर तुकडा हाताने फाडला आणि आपल्या ओल्या कोयत्याच्या मुठीला गुंडाळून घट्ट बसतो का ते पाहिले.